मुंबईचं शून्य

विमानाची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही पुढं सरकून बसला असाल. आता बॉम्ब पडणार, शेपटीतनं धूर निघणार, कोणीतरी छत्री उघडून जोंधळ्यात उतरणार आणि पाटलाची पोरगी त्याला तांब्याभर पाणी देणार. तर मागं सरका. तसलं काही नाही. ह्या गोष्टीत एक बटण आहे. सदऱ्याच्या बटणापेक्षा थोडं मोठं. ते फिरवायचं होतं आणि फिरवलं नव्हतं. झाली गोष्ट. ज्यांना उठायचंय त्यांनी खुशाल उठावं. बाकीच्यांना सांगतो की त्या बटणापायी मला असा घाम फुटला की खुर्चीच्या पाठीवर माझ्या पाठीचा नकाशा उमटला होता.

लढाई संपली, त्याच्या पुढच्या श्रावणातली ही गोष्ट. नगरच्या बाहेर माळावर विमानं उतरायचं मैदान होतं. मैदान म्हणजे दगडं वेचलेला माळ, वारा दाखवणारी एक कापडी पिशवी आणि एक पत्र्याची खोली. खोलीत बिनतारी यंत्र, भिंतीवर हवेचा दाब सांगणारा पारा, आणि मी. विमानवाल्यांशी बोलायचं आणि पारा बघून आकडा सांगायचा, एवढंच माझं काम. बोलायचा हुकूम इंग्रजीत होता. पण साहेब जवळपास नसले आणि वर आपला माणूस असला, की आमचं नगरीच चालायचं.

मी मूळचा देवळाली प्रवऱ्याचा. शाळेत हेडमास्तरांचा खोकला असा काढायचो की पोरं धडाधड उभी राहायची. एकदा खुद्द दुसरे मास्तर उभे राहिले. तेव्हापासून माणूस दिसला की आधी त्याचा आवाज माझ्या गळ्यात येतो, नाव मागनं कळतं. माणसंच कशाला, विमानंसुद्धा. हजार फुटांवर इंजिन कसं गुरगुरतं, चार हजारांवर कसं माशीसारखं गुणगुणतं, हे मी जेवायला बसल्यावर काढून दाखवायचो आणि शिव्या खायचो.

आता ते बटण. विमानात उंचीचं एक घड्याळ असतं. नाव अल्टिमीटर, पण आम्ही त्याला काटा म्हणायचो. लोकांना वाटतं तो उंची मोजतो. छे! तो हवेचा दाब मोजतो. वर जावं तशी हवा पातळ होते, दाब उतरतो, काटा पुढं सरकतो. पण दाब गावोगाव वेगळा आणि आजचा उद्या नाही. म्हणून घड्याळाखाली हे बटण. ते फिरवून लहानशा खिडकीत एखाद्या गावच्या दाबाचा आकडा लावला, की त्या गावची जमीन म्हणजे शून्य. नगरचा आकडा लावा, काटा नगरच्या मातीपासून मोजतो. मुंबईचा लावा, मुंबईच्या वाळूपासून मोजतो. आणि नगर मुंबईपेक्षा दोन हजार फुटांनी उंच. म्हणजे मुंबईचं शून्य लावलेलं विमान नगरच्या मैदानावर चाकं टेकून उभं राहिलं, तरी काटा बेशरमपणे सांगणार की आपण दोन हजार फूट उंच आहोत.

आमच्या साहेबांचा ह्यावर कडक नियम होता. चढताना घाटमाथ्याच्या वर गेलात की गावचा आकडा सोडा आणि सगळ्यांचा मिळून एक समुद्राचा आकडा लावा, म्हणजे आभाळात दोन विमानं समोरासमोर आली तर दोघांचे काटे एकच भाषा बोलतील. उतरताना जिथं उतरायचं तिथला आकडा मागून घ्या आणि नाक खाली घालायच्या आधी लावा. आधी! साहेब हा शब्द टेबलावर मूठ आपटून म्हणायचे.

पण आमच्या पोरांची खास नगरी खोड होती. विमानं जायची बहुतेक पुण्याला. पुणं आणि नगर उंचीला जवळजवळ सारखं, असेल दोनेकशे फुटांचा फरक. मग कोण बटण फिरवत बसतंय? इथनं लावलेला आकडा तसाच पुण्याला, तसाच परत. 'पुण्याचं शून्य नगरला चालतंय' ही आमच्याकडची म्हणच झाली होती. साहेब बघत असले की बटण फिरायचं, नसले की बटणाला सुट्टी.

साहेब नगरचेच, जुन्या मुसलमान घराण्यातले. बोलणं आपलं नगरी, मधनंच दखनी. त्यांनी कितीतरी पोरांना विमान शिकवलं होतं. शिकवताना मागच्या सीटवर बसायचे. पोरानं काटा न बघता नाक खाली घातलं की मागनं आरोळी यायची, "काटा! काटा! काऽऽटा!" पहिला नाकातनं, दुसरा टाळूतनं, तिसरा असा चढत जायचा की शेवटी फाटायचा, कोवळ्या कोंबड्याच्या बांगेसारखा. ही आरोळी आली की पोरानं बाकी सगळं सोडायचं, विमान चालवायचा दांडा पोटाशी ओढायचा, इंजिनाचा जोर पुरा उघडायचा आणि वर जायचं. विचार वर गेल्यावर. हात उशिरा हलला तर गुंडाळलेला नकाशा डोक्यात बसायचा.

त्यांच्या हाताखालनं गेलेला एक पारनेरकडचा पोरगा आमच्या मैदानावर होता. माझा जिवाचा दोस्त. मला 'नकल्या' म्हणायचा. एकदा तो जेवत असताना मी मागनं जाऊन साहेबांची आरोळी काढली. त्याच्या हातात आमटीची वाटी. गड्यानं ती वाटी दांड्यासारखी सरळ पोटाशी ओढली. आमटी गरम होती. पुढचा आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

त्या श्रावणात साहेबांचा घसा बसला. साधा नाही, पार बसला. मिठाच्या गुळण्या चालल्या होत्या आणि तोंडातनं नुसती हवा यायची. मी मेसमध्ये जाहीर केलं, "साहेबांनी आवाज माझ्याकडं ठेवायला दिलाय, लागेल तसा मागून न्या." सगळे हसले. दोस्त सगळ्यात जास्त हसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टपालाच्या थैल्या घेऊन निघाला. नेहमीसारखा पुण्याला नाही, मुंबईला. मी खोलीतनं ओरडलो, "येताना सुके बोंबील आण रे!"

"विमान हाय का कोळणीची पाटी?" तो म्हणाला आणि गेला.

दुपारपर्यंत ढग उतरले. नगरचे श्रावणातले ढग म्हणजे फुकटचा रुबाब. पाण्याचा थेंब नाही, पण खाली एवढे येतात की चांदबिबीचा महाल दिसेनासा होतो. महाल आमच्या पूर्वेला टेकडीवर, मैदानापेक्षा हजारेक फूट उंच. त्या दिवशी महाल तर सोडाच, टेकडीची कंबरसुद्धा ढगात होती. लांब कुठंतरी गडगडत होतं.

असं आभाळ असलं की उतरायची आमची पद्धत ठरलेली. चार हजारांवर मैदानाच्या डोक्यावरनं पूर्वेला जायचं, जाता जाता पंधराशेपर्यंत खाली यायचं, टेकडी ओलांडून वळायचं, आणि परत येताना टेकडी मागं पडली की ढगाच्या खाली उतरायचं. काटा नगरचा असेल तर पंधराशेला टेकडी पाचशे फूट पायाखाली राहते. खुशाल जा.

यंत्रात दोस्ताचा आवाज आला. "नकल्या, हायेस का? लई किरकिर हाय आज कानात."

"हाये. आकडा घे. नऊ तीन शून्य."

"काय? नुसतं तळल्यागत ऐकू येतंय."

"नऊ! तीन! शून्य!"

"ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. आत्ता फटीतनं केडगाव दिसलं. चार हजारांवर हाय." मग हसला. "आज केडगाव लई मोठं दिसतंय रे. वाढलं का काय?"

मीपण हसलो. नगरच्या वेशीवरचं केडगाव, ते वाढलंय म्हणे!

तेवढ्यात विमान डोक्यावरनं गेलं. ढगात, दिसलं नाही. नुसता आवाज. आणि खोलीचा पत्रा थरथरला.

माझं हसू तिथंच वाळलं. चार हजारांवरनं गेलेलं इंजिन पत्रा थरथरवत नाही. ते गुणगुणतं. हे गुरगुरत होतं. मी स्वतःशीच ते गुरगुरणं काढून बघितलं. खात्री करायची दुसरी पद्धत मला येत नाही. गळ्यात जे आलं ते दोन हजाराच्याही आतलं होतं.

काटा चार हजार म्हणतोय आणि कान दोन हजार म्हणतोय. मधले दोन हजार गेले कुठं?

आणि मला बोंबील आठवले.

हा पुण्याहून आलेला नाही. हा मुंबईहून आलाय. समुद्राच्या काठानं लावून दिलेलं शून्य तसंच घेऊन आलाय आणि सवयीनं बटणाला हात लावलेला नाही. आता तो पूर्वेला निघालाय, ढगात, आणि खाली येतोय. पंधराशे यायच्या कितीतरी आधी, काटा तीन हजार दाखवत असतानाच, समोर टेकडी उभी राहणार होती.

मी माईक धरला. "वर जा! तुझा काटा मुंबईचा हाय! वर जा!"

"तीन हजार आठशे. कळंना रे. काय म्हनतोस?"

"वर! वर जा!"

"किरकिर हाय नुसती. खाली आल्यावर बोल. तीन हजार सातशे."

त्याचं मला स्वच्छ ऐकू येत होतं, माझं त्याला नाही. गडगडणाऱ्या ढगाच्या पोटात तो होता, मी नव्हतो. मी सावकाश बोललो. मग भरभर बोललो. मग इंग्रजीत बोललो. माझा आवाज मुळात जाड, घागरीत बोलल्यासारखा. तो असा किरकिरीत गेला की परत वर आलाच नाही.

"तीन हजार पाचशे," दोस्त म्हणाला. गाणं गुणगुणत होता वर.

खिडकीतनं बघितलं. पूर्वेला पांढरंधोप. त्या पांढऱ्यात टेकडी कुठं आहे ते मला डोळे मिटून सांगता आलं असतं. त्याला डोळे उघडे ठेवूनही दिसणार नव्हतं. हाताला घाम आला, माईक निसटायला लागला. शब्द जात नाहीत. ठीक आहे. शब्द जात नाहीत तर काय जातं? लांबनं, वाऱ्यातनं, पिकात हरवलेल्या पोराला हाक मारताना आई काय करते? नाव नीट ऐकू येत नाही, पण हेल ऐकू येतो. पोरगं हेलावर धावतं.

मी उभा राहिलो. पोट आत घेतलं, मान वर केली, नाक चिमटल्यागत केलं.

"काटा! काटा! काऽऽटा!"

तिसरा चढला, चढला आणि फाटला. मी थांबलो नाही. परत एकदा. परत एकदा. गळ्यातनं रक्त येतंय असं वाटलं.

मग मी ऐकायला थांबलो.

काहीच नाही. गाणंही नाही. यंत्रात नुसतं सूंऽऽ चाललेलं. मी टेबलाची कड धरून पूर्वेकडं कान लावला. आधी धडाका ऐकू येतो का आधी यंत्र बंद पडतं, असलं काहीतरी डोक्यात येत होतं. मला वाटलं, माझ्यानं आता कुणाचाच आवाज कधी निघणार नाही.

आणि मग लांब, ढगाच्या आत, इंजिन ओरडलं. पुरं उघडलेलं इंजिन. तो आवाज मी आजपर्यंत काढलेला नाही, काढणारही नाही.

"चढतोय साहेब!" दोस्ताचा आवाज पातळ झाला होता. "चढतोय! खालनं काहीतरी काळं गेलं साहेब!"

मी खुर्चीवर बसायला मागं वळलो आणि बघतो तर दारात साहेब उभे. गळ्याला मफलर, हातात गुंडाळलेला नकाशा. किती वेळ उभे होते देव जाणे. त्यांच्याच आरोळीनं त्यांना बाहेरच्या जीपमधनं उतरवून खोलीपर्यंत पळत आणलं होतं, धाप लागली होती.

मी माईक त्यांच्यापुढं धरला. त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा. त्यांनी माईक परत माझ्याकडं ढकलला आणि कानाशी येऊन फुसफुसले, "किती वर गेला विचार."

"किती वर..." मी माझ्या आवाजात सुरू केलं.

खांद्यावर नकाशा बसला. "तुझ्या न्हाई. त्याच आवाजात. तोच पोचतोय."

आता विचार करा. साहेबांची नक्कल, साहेबांच्या तोंडावर, साहेबांच्या हुकमावरनं. साहेब कानात हवा सोडत होते आणि मी ती हवा हेलात घालून वर पाठवत होतो.

"कितीऽऽ वर?"

"पाच हजार साहेब."

"तिथंच गोल फिर! खाली येऊ नको! बटणाला हात लाव!"

"लावला साहेब."

आकडा साहेबांच्या पद्धतीनं एकेक अंक गात सांगितला. "नऊऽ! तीऽन! शूऽन्य!"

"नऊ, तीन, शून्य," तो म्हणाला. बटण फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा गेला.

"साहेब," तो हळूच म्हणाला. "काटा दोन हजारांनी खाली आला."

साहेबांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग परत माझ्या कानाशी आले. पुढचा सगळा उतार आम्ही तिघांनी मिळून उतरला. साहेबांचं डोकं, माझा गळा, दोस्ताचे हात. पूर्वेला जा. पंधराशे. त्याच्या खाली बोटभर येऊ नको. आता वळ. तो एकेक आकडा परत म्हणून दाखवायचा आणि मी कानानं ताळा करायचो. पंधराशे म्हणाला तेव्हा इंजिन पंधराशेचं वाजत होतं. साहेबांनी भुवया उंच करून माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. टेकडी मागं पडली तसा त्याला सहाशेपर्यंत खाली घेतला.

पूर्वेला भिंगार गावाच्या अंगाला ढगाच्या पोटातनं दोन चाकं बाहेर आली, मग बाकीचं विमान. साहेब दारातच मटकन खाली बसले.

विमान थांबलं. दोस्त खाली उतरला तो पाय ठेवायला जमीन चाचपत. हातात तेलकट कापडात बांधलेलं पुडकं. वासानं सांगितलं काय आहे ते. तो साहेबांपुढं उभा राहिला. सलाम करायला हात वर केला तर हातात पुडकं, म्हणून तसाच खाली घेतला.

"तुला माहीत होतं ना साहेबांचा घसा बसलाय?" मी हळूच विचारलं.

"मला माहीत हुतं," तो म्हणाला. "हाताला कुठं माहीत हुतं?"

साहेब उठले. मला बोटानं जवळ बोलावलं. मैदानावरची सगळी माणसं जमा झाली होती, फिटर, पहारेकरी, मेसचा आचारीसुद्धा. साहेब कानात फुसफुसले, "मी सांगतो ते बोल. मोठ्यानं. सगळ्यांना ऐकू गेलं पायजे. माझ्या आवाजात."

मी घसा खाकरला.

"पुण्याचं शून्य नगरला चालतंय म्हणणाऱ्या शहाण्या!" मी दोस्तावर गरजलो. "मुंबईचं शून्य चाललं का? चांदबिबीला भेटायला निघाला होतास का मियाँ? नाक खाली घालायच्या आधी बटण! आधी! आजपासनं पुण्याला जा नाहीतर केडगावला जा, बटण फिरल्याशिवाय चाक टेकणार न्हाई!"

दोस्त मान खाली घालून उभा. मला वाटलं संपलं. साहेब परत कानाशी आले. मी ऐकलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यांनी नकाशा उचलला.

"आन हा बिनतारीवाला!" मी ओरडलो. "सरकारी विमानातनं बोंबील मागवतो!"

नकाशा डोक्यात बसला. "गाढव राहिलं," साहेब फुसफुसले.

"हा बिनतारीवाला गाढव!" मी ओरडलो. आचारी फिसकन हसला.

"वरिष्ठांचा आवाज यंत्रावर काढतो! आज काढला, एक जीव वाचला. चांगलं झालं. पण..." इथं साहेब थांबले. त्यांचा श्वास माझ्या कानाला लागत होता, गरम. पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं आणि मी सावकाश म्हणालो. "पण नुसता आवाज ऐकून वर जाणारा पायलट उद्या नुसता आवाज ऐकून खाली बी येईल. तेव्हा तिकडनं कोण बोलत असंल?"

दोस्तानं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं.

"म्हणून परत हा आवाज यंत्रावर ऐकू आला तर काढणाऱ्याची जीभ पाऱ्याशेजारी खिळ्याला टांगीन!" मी स्वतःला दम दिला. घसा जळत होता. साहेब मागं सरकले. मी हुश्श केलं. ते परत पुढं आले.

"आन आणखी एक," मी त्यांच्या मागनं म्हणालो. "तिसऱ्या काट्याला आवाज फाडायचा न्हाई. माझा आवाज कधी फाटत..."

"न्हाई" म्हणताना तो बरोब्बर फाटला, आणि नकाशा परत डोक्यात बसला.